पोटाखालचा सांधा

सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात माझ्या गाळ्यासमोर एका ट्रकवाल्याशी भाड्यावरून भांडत होतो. कांद्याची बरीच पोती वाटेत भिजली होती आणि हा माणूस भाडं पूर्ण मागत होता. मी त्याला त्याच्याच ताडपत्रीची भोकं दाखवत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "दत्ताभाऊ, मिलिंद गेले." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि ट्रकवाल्याला म्हणालो, "घे तुझं भाडं. पूर्ण घे." इतकी वर्षं तो माझ्याकडे माल आणतो, त्याने मागितलेला भाव मी त्याला कधी दिलेला नाही. तोच घाबरला. "शेठ, बसा जरा. पाणी आणू का?" म्हणाला, आणि स्वतःहून भाडं कमी करायला लागला...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी अजून रडलो नाही याची घरच्यांना काळजी वाटते. खरं सांगायचं तर मी रागावलेलो आहे, आणि ज्याच्यावर रागावलोय तो ऐकायला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, त्रिसरण-पंचशील झाल्यावर, त्याच्या हिंजवडीच्या कंपनीतले दोघं-तिघं बोलले. त्यातला एक म्हणाला, "मिलिंद सर परफेक्शनिस्ट होते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागलो. त्यांनी ज्या शब्दावर माना डोलावल्या तो शब्द मी मिलिंदच्या बाल्कनीत बसून, माझ्या दोन हातांनी भोगलेला आहे. त्या शब्दापायी तो माणूस त्याचं यान पुरं झालेलं न बघता गेला. पुरं होत आलं होतं, पाण्यात भिजवून लावायच्या चार चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्याने त्याचा सगळा रंग माझ्याकडून उतरवून घेतला.

ते यान म्हणजे खेळणं नव्हे, हे मिलिंद प्रत्येकाला आधी सांगायचा. आम्ही दोघं बिबवेवाडीतले, एका वर्गातले. त्याचे वडील सरकारी कचेरीत कारकून, माझे वडील यार्डात हमाल. त्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं, त्यावर बुद्धाची छोटी मूर्ती होती, आणि अभ्यास झाल्याशिवाय कुणी कुणाशी बोलायचं नाही असा दंडक होता. पेठांमधून केबल आमच्याकडे पोचली तेव्हा त्याच्या वडिलांनी ती घेतली, पण इंग्रजी चॅनेलच बघायचा, इंग्रजी सुधारेल, या अटीवर. आमच्याकडे टीव्हीच नव्हता, म्हणून संध्याकाळी मीही माझं इंग्रजी सुधारायला तिथे जाऊन बसायचो. एक परदेशी मालिका लागायची, अवकाशातली. बोलणं दोघांनाही कळायचं नाही. मिलिंद मला गोष्ट समजावून सांगायचा, आणि त्यातली निम्मी तो जागच्या जागी रचायचा हे मला फार उशिरा समजलं. नायकाचं यान चकचकीत, चांदीच्या ताटासारखं. पण अधूनमधून एक दुसरं यान यायचं, माल पोचवणारं. पोट सुटलेलं, तोंड बसकं, अंगावर तेलाचे ओघळ. ते यायचं, माल उतरवायचं, जायचं. कुणी त्याच्याकडे बघायचंही नाही. मी म्हणालो, "हा तर टेम्पो आहे रे." मिलिंद हसता हसता आडवा झाला. त्या दिवसापासून आम्हा दोघांना त्या मालिकेत टेम्पोशिवाय दुसरं काही दिसेना. तो आला की आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि आतल्या खोलीतून त्याचे वडील विचारायचे, "इंग्रजीत टाळ्या वाजवण्यासारखं काय झालं?"

दहावीनंतर मी यार्डात शिरलो. पोती शिवली, तराजूवर उभा राहिलो, दुसऱ्यांच्या गाळ्यांवर शिव्या खाल्ल्या आणि मग शिव्या देण्याइतका मोठा झालो. मिलिंद इंजिनिअर झाला. त्या वर्षांत देशच नवा होत होता. ज्यांना कॉम्प्युटर येत होता त्यांना कंपन्या घरून उचलून नेत होत्या. हिंजवडीची बस त्याला सकाळी न्यायची आणि अंधार पडल्यावर आणून टाकायची. मी म्हणायचो, "तुझ्यापेक्षा माझा कांदा कमी प्रवास करतो." तो म्हणायचा, "पण तुझ्याकडे आल्यावर त्याचा भाव पडतो, दत्त्या." असं आमचं चालायचं. मी उभ्या यार्डाशी भांडलो, सख्ख्या भावाशी भांडून वेगळा झालो, पण मिलिंदशी माझं भांडण व्हायचंच नाही, कारण तो भांडायच्या वेळी चष्मा पुसत बसायचा.

टेम्पो त्याला पुन्हा सापडला तो इंटरनेटवर. मोठ्या कंपन्या प्रसिद्ध यानांची प्लॅस्टिकची किट बनवतात, सुटे भाग, जोडा आणि रंगवा. पण चार भागांत येऊन गेलेल्या टेम्पोचं किट कोण बनवणार? तर परदेशात एक माणूस निघाला. तो घराच्या गॅरेजमध्ये रबराच्या साच्यात रेझीन ओतून मोजकी किट काढायचा. मिलिंदने त्याला पत्रावर पत्रं पाठवली, रांगेत नाव लावलं, आणि शेवटी अमेरिकेहून परतणाऱ्या सहकाऱ्याच्या बॅगेतून खोकं आलं. मला खास बोलावणं. मी पेढे घेऊन गेलो. खोक्यात पिवळट रंगाचे ओबडधोबड तुकडे, वाळलेल्या डिंकासारखे. काहींना बुडबुड्यांची भोकं, एक पंख तर चक्क वाकलेला.

"माल खराब आलाय," मी म्हणालो. "परत कर."

"रेझीन असंच येतं. भोकं आपण भरायची, वाकलेलं गरम पाण्यात धरून सरळ करायचं."

"म्हणजे पैसे द्यायचे आणि काम पण आपणच करायचं? कितीला पडलं?"

"सांगणार नाही."

"मी असतो तर निम्म्यात आणलं असतं."

"तू असतास तर त्या माणसाने यान बनवायचंच सोडलं असतं," मिलिंद म्हणाला, आणि खोकं असं मिटलं की जणू मी त्यातलं काहीतरी चोरीन.

मग ते खोकं कपाटावर गेलं. सवड मिळाली की करू. त्याला सवड मिळायची नाही. दोन वेळा मी स्वतः म्हणालो, अरे काढ की. तो म्हणाला, घाईत करायचं हे काम नव्हे, एकदा हातात घेतलं की मन लावून करीन. इतकी वर्षं ते मन लावायचं राहूनच गेलं. आणि मग एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्याच्या हातून पोळीचा तुकडा तुटेना. वहिनींनी ताटात तुकडे करून दिले. तो हसला, म्हणाला, दिवसभर कीबोर्ड बडवून बोटं दुखतात. पुढे शर्टाचं बटण, पुढे किल्ली. तपासण्या झाल्या. नसांचा आजार निघाला, ज्यात शरीरातले स्नायू एकेक करून काम सोडून देतात, हात, पाय, जीभ, शेवटी छाती, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहतं. औषध नाही.

औषध नाही हे मी मान्य केलं नाही. मला लोक विचारतात की दत्ताशेठ, तुम्ही शिकलेले नाही, मग धंदा कसा जमला. असा जमला की समोरचा म्हणाला याच्या खाली जमणार नाही, तरी मी उठायचो नाही. बसून राहायचो. शेवटी खाली यायचाच. मी मिलिंदला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेलं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. मुंबईला नेलं. केरळात कुणी तेल लावतो ऐकलं, तिकडे नेलं. एका मोठ्या डॉक्टरसमोर मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "काहीतरी कमीजास्त असेलच ना. पाय घ्या त्याचे, हात तरी ठेवा." तो डॉक्टर भला माणूस. त्याने मला बाहेर काढलं नाही. म्हणाला, "असं ठरवता आलं असतं तर आम्हीच ठरवलं असतं हो." परतीच्या वाटेवर गाडीत मिलिंद खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "दत्त्या, आता बास. सौदा करायला समोर कुणी नाहीये." माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं हरवलेलं नाही... मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी ठेवली.

त्यानंतर त्याने खोकं खाली काढायला लावलं. आता सवड होती आणि हात नव्हते. मला म्हणाला, "तुझे हात दे. रविवारी यार्डातनं सुटलास की ये." मी म्हणालो, माझ्या हातांनी पोतं उचलता येतं, हे असलं नाजूक काम जमायचं नाही. "येईल. आणि नाही आलं तर मी आहेच बोलायला." तेव्हा त्याचं बोलणं अजून शाबूत होतं, आणि त्याने ते माझ्यावर पुरेपूर वापरलं. साच्यातून सुटावं म्हणून रेझीनला तेलकट थर असतो, तो साबणाने धुवायचा. मी धुतला, "भांडी घासतोयस का?" पुन्हा धुवायला लावला. वाकलेला पंख गरम पाण्यात धरला, सरळ केला, आणि रागाच्या भरात जरा जास्तच सरळ केला; तो उलट्या बाजूला वाकला. मिलिंद शांतपणे म्हणाला, "पुन्हा पाणी तापव." तो खुर्चीत, मी खाली स्टुलावर, मधे पाण्याचं घमेलं. रेझीनची भुकटी छातीला वाईट, म्हणून वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओलंच घासायचं आणि तोंडाला मास्क. मी मास्क हनुवटीवर ओढला की तो काम थांबवायचा. ज्याचा श्वास संपत चालला होता तो मला माझी छाती जप म्हणून दम देत होता, आणि मी तो खाली मान घालून ऐकत होतो. यार्डात कुणी मला असा दम दिला असता तर त्याची पोती रस्त्यावर गेली असती.

यानाचं पोट दोन अर्ध्या भागांचं होतं. ते जोडले, जोडावर लांबी भरली, गाडीच्या पत्र्याला पोचा आला की भरतात तशी, आणि घासून एकजीव केलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं. सोमवारी यार्डात माझ्या नखांत राखाडी प्रायमर असायचा आणि हमाल विचारायचे, "शेठ, भिंती रंगवायचा ठेका घेतला का?" मिलिंदच्या पिवळ्या रंगावर आमचे तीन रविवार वाद झाले. त्याला मालिकेतला तोच हवा होता, हळदीत धूळ मिसळल्यासारखा. तो सांगायचा, मी मिसळायचो, तो म्हणायचा "अजून धूळ." रंग देऊन झाला, गुळगुळीत झाला, मी खूश. आणि मग म्हणतो, आता ओघळ काढ, रंग उडालेला दाखव, गंज दाखव.

"कोरा माल आपल्या हातानं जुना करायचा?"

"ते शोरूममधलं नाहीये, दत्त्या. जन्मभर माल वाहिलाय त्याने. तुझ्या बाबांचे खांदे आठव."

मी आठवले. जिथे पोतं टेकतं तिथे कातडी वेगळीच होते, काळी आणि चकचकीत. टेम्पोच्या पोटाला जिथे माल चढत असेल तिथे मी तसा रंग झिजवला. मिलिंदने मला यान फिरवून दाखवायला लावलं. मग वहिनींना हाक मारून म्हणाला, "सुजाता, बघ. आता आला टेम्पो." त्या रविवारी आम्ही तिघांनी बाल्कनीतच जेवण केलं. वहिनी त्याला भरवत होत्या आणि तो जड झालेल्या जिभेने मला टेम्पोच्या पुढच्या फेरीची गोष्ट सांगत होता, पूर्वीसारखीच, जागच्या जागी रचलेली. त्या दुपारी काम थांबलं असतं तर माझी काही तक्रार राहिली नसती.

राहिल्या होत्या त्या चिठ्ठ्या, म्हणजे यानावरचे आकडे आणि खुणा, आणि वरून शेवटचा एक हात. पुढच्या रविवारी मी दाढी करून गेलो, वर पेढे घेतले. मिलिंद म्हणाला, बॅटरी आण. टॉर्च. म्हणाला, खालून धर, आडवा. त्याचं बोलणं तोवर असं झालं होतं की वहिनी आणि मी सोडून कुणाला कळायचं नाही. मी यान उलटं केलं, टॉर्चचा उजेड पोटावर आडवा पाडला. त्याने बघितलं. मीही बघितलं. लांबी सुकताना हळूहळू खाली बसते. आमची बसली होती. पोटाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसासारखी एक रेघ. सांधा दिसत होता.

"उतरव," मिलिंद म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नव्हतं चुकीचं. सगळा रंग उतरवायचा, पार रेझीनपर्यंत, पुन्हा लांबी भरायची, पुन्हा सगळं. मी म्हणालो, खालची बाजू आहे, स्टँडवर ठेवल्यावर कोण बघणार. म्हणाला, "दिसतंय." मी म्हणालो, बरं, तेवढाच पट्टा घासतो, तेवढ्यालाच रंग देतो. म्हणाला, तुकडा लावल्यासारखं होईल. मी म्हणालो, आधी पूर्ण करू, तू डोळे भरून बघ, मग हवं तर उतरवू. म्हणाला, "उतरव." मग मी ओरडलो. मी त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "वेळ किती आहे तुझ्याकडे? कळतंय का तुला? माल आज विकला नाही तर उद्या सडतो." बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. वहिनी दारात उभ्या होत्या. मिलिंदचा चेहरा हलला नाही, आता तो फारसा हलायचाही नाही. त्याने शब्द गोळा करून, एकेक सुटा करून सांगितलं, "वेळ आहे म्हणून नाही सांगत. सांधा आहे म्हणून सांगतोय."

मी उतरवला. स्पिरिटमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने. ते हळदीचं पिवळं, ते ओघळ, बाबांच्या खांद्यासारखी झिजवलेली ती जागा, सगळं बेसिनमधून गेलं. वहिनींनी पेढ्यांचा डबा न उघडता माझ्या पिशवीत परत ठेवला.

मग बोलणं गेलं. नाकातोंडावर श्वासाचं यंत्र आलं. डोळ्यांच्या खुणांनी तो वहिनींशी बोलायचा, पण माझी पंचाईत अशी की एका हातात यान, त्याच हाताच्या बोटांत टॉर्च आणि नजर पोटावर; त्याच्या डोळ्यांकडे बघितलं की उजेड हलायचा. म्हणून मी त्याला हत्ता शिकवला. यार्डात पूर्वी हत्त्याने सौदे व्हायचे, आता बंदी आहे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव बोलायचा, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. मिलिंदच्या उजव्या हाताचं एक बोट अजून थोडं चालायचं. पांघरुणाखाली त्याचा हात मी डाव्या हातात धरायचो, उजव्याने सांध्यावर उजेड पाडायचो. ठरलं असं की त्याने बोट दाबलं तर अजून घासायचं, नाही दाबलं तर झालं. इतके सौदे केलेला मी, आणि असा सौदा ठरवला. पुढे काय होणार ते दोघांनाही सुचलं नाही. त्याला तरी सुचायला हवं होतं. प्रत्येक गोष्टीत काय बिघडेल हे आधी शोधायचं, याचाच त्याला कंपनीत पगार मिळायचा.

घासलं, दाखवलं, बोट दाबलं. लांबी भरली, सुकवली, घासलं, दाखवलं. बोट दाबलं. दर रविवारी दाब हलका होत गेला. आधी चिमटा बसल्यासारखा, मग कुणी हाक मारावी तसा, मग माशी बसल्यासारखा. मी आणखी बारीक कागद आणला. रेघ पुसट झाली, मग फक्त एका कोनातून दिसायला लागली. आणि एका रविवारी मी टॉर्च धरला आणि मला काही दिसलं नाही. मी त्याच्या हाताकडे लक्ष दिलं. काही नाही. मी थांबलो. यान थोडं फिरवलं, पुन्हा उजेड धरला. काही नाही. मी मोठ्याने विचारलं, "मिल्या, झालं?" हात माझ्या हातात होता, गरम होता. त्याच्या डोळ्यांकडे बघितलं तर ते अर्धे मिटलेले. वहिनी म्हणाल्या, "दमलेत आज. पुढच्या रविवारी विचारा." मी यान वर्तमानपत्रावर ठेवलं, हात धुतले आणि घरी आलो. पुढचा रविवार यायच्या आत ट्रकवाल्यासमोर तो फोन आला.

आता मला सांगा, मी काय समजायचं? त्याने दाबलं नाही, म्हणजे झालं? की त्याला सांधा दिसत होता आणि बोट दाबवत नव्हतं? तो तिथे पडून, आत पूर्ण जागा, मला सांगत होता का की दत्त्या, अजून आहे, अजून आहे... आणि मी हात धुवायला निघून गेलो? मी रस्त्यात चालताना स्वतःच्या डाव्या हाताकडे बघतो. गाळ्यावर पोती मोजताना मधेच थांबतो. बायको म्हणते डॉक्टरांना विचारा, त्या दिवशी बोटात ताकद असेल का. विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

त्याच्या कंपनीतला एक मुलगा मला समजवायला आला होता. म्हणाला, "काका, सरांना यान पूर्ण नकोच असेल. पूर्ण झालं असतं तर तुम्ही यायचे बंद झाला असतात." किती गोड आहे हे. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मिलिंद असल्या आडवाटेने बोलणारा माणूस नव्हता. ये म्हणायचं असतं तर ये म्हणाला असता, आणि मी गेलो असतो. जन्मभर जातच होतो. त्याला सांधा दिसला म्हणून त्याने उतरव म्हटलं, इतकं सरळ आहे ते. माझा राग गोड करून घ्यायला मला कुणाची मदत नको. त्याने स्वतःची एक पूर्ण होत आलेली गोष्ट त्या रेघेपायी घालवली, माझीही घालवली, आणि वर उत्तर न देता गेला.

वहिनी म्हणाल्या, भाऊ, आता प्रायमर मारा, रंग द्या, दिवाणखान्यात ठेवू. मी हो म्हणालो. रंगाच्या बाटल्या आणून ठेवल्या आहेत. प्रायमर मारायच्या आधी एकदा पोट बघून घ्यावं म्हणून रविवारी टॉर्च धरतो. लांबी बसायची ती अजूनही बसत असेल, सांगता येत नाही. एका कोनातून वाटतं, आहे; दुसऱ्या कोनातून वाटतं, नाही. मग वाटतं, जरासं घासावं. घासता घासता ऊन बाल्कनीच्या कठड्यापर्यंत येतं आणि रंगाला उशीर होतो.

परवाच्या रविवारी वहिनी चहा घेऊन आल्या. त्याची खुर्ची त्यांनी हलवलेली नाही, तिच्या बाजूने वाट काढत आल्या.

"झालं का हो?"

"नाही. अजून आहे."

"कुठे?"

मी उजेड आडवा पाडला आणि बोट फिरवून दाखवलं. त्या चष्मा वर सरकवून, वाकून, बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना काही दिसलं असेल असं वाटत नाही, मलाही दिसत नव्हतं. त्या आत गेल्या, कात्रीने वॉटर पेपरचा नवा तुकडा कापला, घमेल्यात बुडवला, निथळवला आणि माझ्यासमोर ठेवला. मग माझा मास्क हनुवटीवर आहे असं म्हणाल्या.